मागच्या बाकावरचा पुढारी

कळंबला एसटीत चढलेल्या तरुणानं पुढची रिकामी जागा सोडली आणि पत्र्याची पेटी घेऊन तो मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसला. विद्यापीठातलं संशोधन सोडून तेरला घरी निघाला होता. त्याचे प्राध्यापक संशोधक पोरांना स्वतःच्या घरचं पाणी शेंदायला लावत. पोरांनी तक्रार मांडायला यालाच पुढारी निवडलं.

"कुलगुरूंपुढं समदं बोललो. त्यांनी इचारलं, आणखी कुणाची तक्रार हाय का? वळून बघितलं, तर सगळ्यांच्या माना खाली. मग सरांचं दार मला बंद झालं."

माझं डोकंच फिरलं. मी पुढच्या रिकाम्या जागेकडं बोट दाखवलं.

"पुढं बसा की, इथं लई धक्के बसतात."

त्यानं पेटी जवळ ओढली.

"नको. इथं पाठीमागं कुणी न्हाय, हे आधीच ठावं असतं."