चावीआत्याचा लोण्याचा सॉस

चावीआत्या जगातल्या झाडून सगळ्या पुरुषांना भाऊ म्हणायची. दूध टाकणारा भाऊ, टपाल आणणारा भाऊ, चावी घरात ठेवून दार ओढून घेतलेला आणि बनियनवर धावत आलेला दुसऱ्या मजल्यावरचा वकीलसुद्धा भाऊ. अपवाद एकच. तिच्या चाव्यांच्या दुकानाच्या बरोबर समोर खाटकाचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या मालकांना अख्खा रस्ता भाऊ म्हणत असे. म्हाताऱ्या, पोरं, बँकेचा मॅनेजर, सगळे. एकटी आत्या तेवढी म्हणत नसे. इतक्या वर्षांत चुकूनसुद्धा नाही.

कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ती त्यांच्याशी बोलताना वाक्यंच अशी जुळवायची की हाक मारायची वेळ येऊ नये. "आज गर्दी आहे वाटतं." "हे जरा बारीक करून मिळेल का." ऐकणाऱ्याला वाटावं, बाई तराजूशी बोलतेय. आणि खरी गंमत पुढेच आहे. भाऊ दुकानात आलेल्या प्रत्येक बाईला ताई म्हणायचे. पुडकं बांधून झालं की सुतळी दातांनी तोडत विचारायचे, "आणखी काही, ताई?" आत्याला मात्र नुसतंच "आणखी काही?" ती म्हणायची, "नाही, बस." झालं. वर्षानुवर्षं एवढाच काय तो संवाद, आणि तेवढ्यासाठी आत्या रस्ता ओलांडण्यापूर्वी आरशात बघून यायची.

हे सगळं हेरलं होतं आत्याच्या वहिनीनं. वहिनी म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची बायको. तिघं एकाच घरात राहायची. त्या धाकट्याला घरीदारी सगळे धाकटाच म्हणत, डोक्यावरचे केस गेले तरी. वहिनी दातांच्या डॉक्टरकडे पेशंटची नावं पुकारायला बसायची. समोर गाल सुजलेली माणसं, उत्तर कुणाला देता येत नाही, त्यामुळे तिला सलग बोलायची सवय जडलेली. आणि नवराही असा मिळाला की त्याच्यापेक्षा ते पेशंट बोलके.

एकदा वहिनीनं भाजी निवडता निवडता सहज विचारलं की वन्सं, समोरच्या भाऊंना तुम्ही भाऊ का नाही हो म्हणत? आत्या म्हणाली, म्हणते की. वहिनी म्हणाली, मग म्हणा बघू आत्ता. आत्याला एकाएकी दुकानाचं शटर नीट लावलंय की नाही अशी शंका आली आणि ती चपला घालून बाहेर पडली. वहिनीनं त्या दिवशी भाजी निवडली नाही, नुसती हसत बसली.

एवढ्यावर सगळं वर्षानुवर्षं चाललं असतं. पण एका दुपारी भाऊंनी पुडकं बांधता बांधता सांगितलं की आपण दुकान देऊन टाकतोय. मुलगा दुसऱ्या गावी आहे, त्यानं खोली रंगवून ठेवली आहे, बायको जाऊनही आता बरीच वर्षं झाली, एकट्यानं किती दिवस सुऱ्या परजायच्या. पुढच्या महिन्यात निघणार. मग हसून म्हणाले की जन्मभर लोकांना स्टेकसाठी मांसाचे जाड काप करून दिले, कसे करायचे ते सांगितलं, पण "बसा, जेवा" असं कुणी म्हणालं नाही. लोकांना वाटतं, खाटकाच्या घरी काय कमी असणार.

आत्या म्हणाली, "रविवारी या जेवायला."

ते तिनं म्हटलं नाही, ते तिच्या तोंडून निसटलं. भाऊंच्या हातातली सुतळी गुंडाळायची थांबली. त्यांनी विचारलं, काय करणार? काही तरी बोलायला हवं होतं म्हणून आत्यानं समोरच्या काचेत मांडलेल्या मांसाच्या कापांकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, हेच, वर लोण्याचा सॉस, हिरवी पानं घालून.

आता हे ऐका. आत्याला स्वयंपाक येत नव्हता. चहा आणि अंडं, बाकी शून्य. वडिलांमागे दुकान तिनं उचललं, चाव्या घासायचं लेथ तिनं शिकून घेतलं, कसलंही कुलूप तिच्यापुढे नांगी टाकायचं, पण स्वयंपाकघर वहिनीचं. तिथे आत्या पाहुण्यासारखी जायची. आणि सॉस? तो तिनं फक्त ऐकला होता. एका हॉटेलचा आचारी आपल्या कोठीखोलीची चावी करून घ्यायला आला होता, तेव्हा मालकिणीला नावं ठेवता ठेवता त्याच्या बोलण्यात तो येऊन गेला होता.

त्या आचाऱ्याला आत्यानं दुसऱ्याच दिवशी गाठलं. तुमची चावी पुन्हा तपासायची आहे म्हणून बोलावून घेतलं, चावी पकडीत आवळली आणि सॉस सगळा कळेपर्यंत सोडली नाही. त्यानं सांगितलं ते असं. मांस भाजलं की बाजूला काढून निवांत पडू द्यायचं. तव्याच्या तळाला जे खरपूस चिकटतं ते टाकायचं नाही, सॉसचा जीव त्यात असतो. त्याच तव्यात बारीक कांदा, लसूण, मग पळीभर पाणी, आणि तळ खरवडून घ्यायचा. मग गॅस बंद. बंद म्हणजे बंद. आणि आता थंडगार लोण्याचे छोटे तुकडे, एक विरघळला की दुसरा, तवा गोल गोल फिरवत. घाई केली किंवा आच दिली की सॉस फुटतो, तेल वर आणि पाणी खाली. शेवटी चिरलेली पानं आणि लिंबू.

आत्याचे डोळे चमकले. थोडं थोडं घालायचं, दर वेळी थांबून बघायचं, हे तर तिचंच काम. चावी घासताना दुसरं काय करतात?

मग तो आठवडा. दुकानात चहाची शेगडी होती, तिच्यावर रोज दुपारी सॉस. खिडकीत जुन्या डब्यांमध्ये आचाऱ्याकडून आणलेली पार्सली आणि थाइम या सुवासिक पानांची रोपं लावलेली, हात मारला की सुगंध सुटायचा. गिऱ्हाईक आलं की तवा लेथमागे. पण वास लपतो होय? त्या आठवड्यात केलेल्या चाव्यांना महिनाभर लसणाचा वास येत होता, आणि वकिलाच्या बायकोला उगीच नको तो संशय आला, ते प्रकरण वेगळं. पहिला सॉस फुटला. दुसरा फुटला. तिसरा जमला, आणि आत्या दुकानात एकटीच टाळी वाजवून नाचली. हे पाहिलं धाकट्यानं, डबा द्यायला आला होता तो. तिनं त्याच्या तोंडात सॉसात बुडवलेला पावाचा तुकडा कोंबला. त्यानं तो चावून गिळला आणि निघून गेला. पण तेव्हापासून रोज त्याच वेळेला डबा घेऊन येऊ लागला, रिकामा का असेना.

मांस शनिवारी आणायचं होतं. भाऊंनी काही न विचारता आतून जाड, सुरेख काप आणले. आपल्याच जेवणाचं मांस आपणच निवडायचं म्हणजे अवघड प्रकार, त्यामुळे त्यांचे कान लाल झाले होते. पुडकं बांधलं. आत्या घरी येऊन बघते तर सुतळीला नेहमीची गाठ नाही, फुलाची गाठ. वहिनीनं ती गाठ दिव्याखाली धरून पाहिली आणि म्हणाली, "वन्सं, भाऊसुद्धा लोणी लावायला शिकले की."

स्वयंपाकघर रविवारपुरतं मिळवताना आत्याला वहिनीशी तह करावा लागला. अट अशी ठरली की वहिनी कशाला हात लावणार नाही, फक्त बघेल. आता वहिनीचं बघणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नाही.

आत्यानं दोन तवे मांडले. चौघांचं मांस एकात मावत नव्हतं हे खरं, पण मावलं असतं तरी तिनं दोनच मांडले असते. चावी करायची तर जोडीनं, एक दगा देते तेव्हा दुसरी खिशात असावी, हा तिचा कायमचा हिशेब. मांस चरचरलं, घर वासानं भरलं. काप पाटावर निवांत पडले. दोन्ही तव्यांत कांदा, लसूण, पाणी. गॅस बंद. लोणी एकेक तुकडा. या तव्याला एक गिरकी, त्या तव्याला एक. सॉस दाटला, चकाकला, पानं पडताच असा काही वास उठला की वहिनी बोलायची थांबली. त्याच क्षणी बेल वाजली.

दारात भाऊ. पांढरा ॲप्रन नाही, केस ओले करून बसवलेले, त्यामुळे आत्याला घडीभर वाटलं की घर चुकलेला कुणी गृहस्थ आलाय. "या," ती म्हणाली. पुढे हाक नाही. तेही "आलो" म्हणाले. त्यांचीही पुढे हाक नाही. दोघं उंबऱ्याच्या अल्याड-पल्याड उभे, आणि मध्ये धाकटा, दोघांकडे आळीपाळीनं बघत.

तेवढ्यात स्वयंपाकघरात काय झालं म्हणता? वहिनीनं बघितलं की दोन्ही तव्यांखाली जाळ नाही. तिच्या मते जगात जे उकळलं नाही ते शिजलं नाही. दूध, डाळ, माणसाचा राग, सगळ्याला उकळी हवी. वन्सं गडबडीत गॅस पेटवायला विसरल्या, असं तिनं मनाशी ठरवलं आणि अगदी प्रेमानं, मदत म्हणून, एका तव्याखाली आच मोठी केली. दुसऱ्याकडे वळणार तोच आत्या आत आली.

तवा खदखदत होता. वर पिवळं तेल तरंगतंय, खाली गढूळ पाणी, आणि पानं मधल्या मध्ये गटांगळ्या खातायत. आत्या ओरडणारच होती. पण पाहुणा पाठीमागेच उभा. तिनं गॅस बंद केला, दुसऱ्या तव्याकडे पाहिलं, तो शाबूत होता, चकाकत होता, आणि तिनं श्वास सोडला.

सगळे जेवायला बसले. आत्या मीठ आणायला वळली. आणि वहिनीनं काय करावं? आपला चांगला उकळलेला तवा, त्यावर झाकण ठेवून, पाहुण्यापुढे मांडला, आणि कच्चा म्हणून आत्याचा तवा दूर धाकट्यासमोर सरकवला. भाऊ बिचारे. त्यांनी झाकण उचललं, आतलं दृश्य पाहिलं, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, आणि चमचा भरून ताटाकडे नेऊ लागले. माणूस इतका सज्जन की त्यांनी ते तेल पिऊन वर वाहवासुद्धा केली असती.

आत्या वळली. पाहिलं. आठवडाभराच्या गिरक्या, लसूण, पाव, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि तिच्या तोंडून शब्द सुटला.

"अहो, तो नको. हा घ्या."

आता अहो तसं रस्त्यावरच्या कुणालाही म्हणता येतं. कंडक्टरला म्हणतात, पुढे उभ्या असलेल्या माणसाला म्हणतात. पण त्या अहोला एक ठरलेली चाल असते, आणि दुसऱ्या एका अहोला दुसरी, जी वर्षानुवर्षं एका माणसासाठी राखून ठेवलेली असते. आत्याच्या तोंडून ही दुसरी चाल गेली होती. तिलाही कळलं. वहिनीला तर कळलंच. तिचा घास हातात राहिला. मिठाची वाटी हातात धरून आत्या जिथल्या तिथे उभी.

भाऊंनी चमचा ताटापर्यंत नेलाच नाही. तो परत तव्यात ठेवला, झाकण घातलं. धाकट्यानं आपल्यासमोरचा तवा पुढे ढकलला. भाऊंनी त्यातला सॉस घेतला, मांसावर घातला, एक तुकडा कापला आणि खाल्ला. मग दुसरा. मांस आपलंच, रोज हाताळलेलं, पण त्याला ही चव असते हे त्यांना जणू आज कळत होतं. ताटातला उरलेला सॉस त्यांनी पावानं पुसून घेतला, कडेपर्यंत. शेवटी काही तरी बोलायलाच हवं म्हणून त्यांच्या तोंडून तेच आलं जे जन्मभर यायचं.

"आणखी काही?"

ताई नाही. कधीच नव्हतं. आणि आपण हे कुणाच्या घरात, कुणाला विचारतोय हे लक्षात येऊन त्यांचे कान पुन्हा लाल झाले.

आत्यानं मिठाची वाटी खाली ठेवली. इतकी वर्षं "नाही, बस" म्हणून रस्ता ओलांडून परत आलेली बाई ती.

"हो," ती म्हणाली. "जाऊ नका. ती रंगवलेली खोली राहू दे तिकडे. मुलगाच झोपेल तिच्यात."

भाऊ तिच्याकडे बघत राहिले. वहिनीनं तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा त्यातून काहीच आलं नाही. दातांच्या डॉक्टरला बघायला बोलवावं असं ते तोंड, नुसतं उघडं.

तेव्हा धाकटा बोलला. लहानपणापासून समोरच्या दुकानात जाऊन "भाऊ, अर्धा किलो" म्हणणारा धाकटा. त्याचं ताट कोरडं होतं, डोळे तव्यावर होते.

"भावोजी," तो म्हणाला, "तो सॉस जरा इकडे सरकवा."

भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं नाही, कुणाला म्हणालास म्हणून विचारलं नाही. दोन्ही हातांनी तवा उचलला आणि सरकवला.