पुण्याला नेलेली बरणी

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती. ती गेली, मुलगा परगावी राहतो, आणि आता ऐकायला घरात कुणी नाही तेव्हा लिहायला बसलो आहे. न सांगण्याची कारणं माझ्याकडं पुष्कळ होती. नोकरी होती, पेन्शन व्हायची होती, मुलाचं लग्न व्हायचं होतं. ती सगळी एकेक करून संपली, तरी मी गप्पच राहिलो.

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होतो. लोक मला कंपौंडर म्हणत. मंगळवार पेठेत आमच्या घराजवळच्या चौकात सकाळी म्हशी येऊन उभ्या राहायच्या. आपण पेला पुढं करायचा, मालकानं थेट पेल्यात धार काढायची आणि फेसासकट तिथंच उभ्यानं प्यायचं. मी एका मावशीकडं जात असे. चौकातल्या त्या दूधकट्ट्यावर बाई ती एकटीच. नवरा वारल्यावर तिनं म्हशी विकल्या नाहीत, स्वतः दावं धरून चौकात आणल्या.

"मिशी पुसा कंपौंडर," ती म्हणायची, "न्हायतर दवाखान्यातली जनावरं हसतील तुम्हाला."

एका हिवाळ्यात तिच्या मोठ्या म्हशीनं चारा सोडला. तोंडातून लाळ गळत होती आणि घोगरं ओरडणं थांबत नव्हतं. मावशीला वाटलं, मक्याचं कणीस अडकलं. तिनं कोपरापर्यंत हात घालून घसा चाचपला. आमच्या डॉक्टरांनी लांबूनच म्हैस पाहिली आणि म्हणाले, "मावशी, आधी हात धुवा. साबणानं. परत धुवा." तिसऱ्या दिवशी म्हैस मेली.

तोवर तिचं दूध बऱ्याच जणांच्या पोटात गेलं होतं, माझ्याही. म्हैस पिसाळलेली असावी या संशयानं आम्हा सगळ्यांना माणसांच्या दवाखान्यात धाडलं. तेव्हा ती इंजेक्शनं पोटात टोचत, रोज एक, चौदा दिवस. डॉक्टरांनी म्हशीचा मेंदू काढून बरणीत भरला. पुण्याच्या प्रयोगशाळेनं म्हैस पिसाळलेली नव्हती असं सांगितलं तर पुढची इंजेक्शनं थांबणार होती आणि मावशीचा कट्टाही वाचणार होता. बरणी मी न्यायची होती. त्यांनी मला दोनदा बजावलं, "भोवती बर्फ ठेव, वाटेत बदल. फॉर्मॅलिन घालू नकोस."

फॉर्मॅलिन म्हणजे नमुना कुजू नये म्हणून घालायचं औषध. आमच्या कपाटात त्याचा कॅन असे.

आदल्या वर्षी मी एका कुत्र्याचं डोकं असंच बर्फात घालून नेलं होतं. बर्फ वितळला, लालसर पाणी सीटखालून वाहत पुढं गेलं आणि कंडक्टरनं मला कऱ्हाडला उतरवलं. मांडीवर डबा घेऊन मी स्टँडवर बसून राहिलो. माझ्या बाकावर कुणी टेकलं नाही. ते परत नको होतं. मी विचार केला, बर्फ कशासाठी, तर कुजू नये म्हणून. फॉर्मॅलिननंही तेच होतं, आणि गळत नाही. बरणी काठोकाठ भरली, झाकणाला मेण लावलं आणि खिडकीशेजारी निवांत बसून पुण्याला गेलो.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी झाकण काढलं आणि त्या एकदम मागं सरल्या.

"फॉर्मॅलिन कुणी घातलं?"

"तिकडूनच तसं दिलंय," मी म्हणालो.

"आमची तपासणी ताज्या मेंदूवर होते हो. यावरून मी काय सांगू?"

त्यांनी कागद दिला. त्यावर एवढंच होतं, की नमुना तपासणीयोग्य नाही. परत आल्यावर डॉक्टरांना मी सांगितलं, गाडी बंद पडली, बर्फ मिळाला नाही. ते म्हणाले, "मग सगळ्यांनी इंजेक्शनं पुरी करायची. इलाज नाही." पुढं त्यांची बदली झाली.

पेठेत मात्र बातमी फिरली, की म्हैस पिसाळलेलीच होती, पुण्याहून तसं आलंय. मी ती पसरवली नाही आणि खोडलीही नाही. इंजेक्शनच्या रांगेत शर्ट वर धरून उभा असताना मागचा म्हणाला, "बाईला ठाऊक हुतं की! मुद्दाम पाजलं." मी शर्ट तसाच धरून राहिलो. मावशीही त्याच रांगेत होती, सगळ्यांत शेवटी, पुढच्यापासून चांगली चार हात लांब. बाहेर पडताना तिनं मला गाठलं.

"कंपौंडर, पुण्याला तुम्हीच गेलतासा न्हवं? काय आलं?"

"कागद सायबांकडं हाय, मावशी."

"तुम्ही वाचलासा की."

"इंग्रजीत हाय. मला येत न्हाय."

तेवढं इंग्रजी मला येत होतं.

महिन्याभरानं ती धाकटी म्हैस घेऊन चौकात आली. म्हैस धुतलेली, शिंगांना तेल लावलेलं. माणसं तिला वळसा घालून पुढच्या म्हशीकडं जात होती. तिनं एक पेला काढला, इकडंतिकडं पाहिलं आणि सगळ्यांसमोर स्वतःच पिऊन टाकला. मी कोपऱ्यावर उभा होतो. जनावरांच्या दवाखान्यातला माणूस तिथं जाऊन एक पेला प्याला असता तर आणखी दोघं आले असते. मी मागच्या बोळानं घरी गेलो. पुढं कितीतरी वर्षं मी त्या चौकातून गेलो नाही. मावशी म्हैस विकून बिद्रीला लेकीकडं गेली.

निवृत्तीनंतर, बायको गेली त्या वर्षी, मी बिद्रीला गेलो. मावशीनं मला लगेच ओळखलं.

"या पावणं! मिशी पांढरी झाली की ओ. आता फेस लागला तरी कळायचा न्हाय."

लेकीनं चहा आणला. मावशी म्हणाली, "उकळल्यालं दूध हाय, भिऊ नगासा." मग पेला माझ्या हातात असतानाच तिनं विचारलं, "त्या कागदात काय हुतं ओ?"

"लई दिवस झालं मावशी. आठवत न्हाय."

ती जरा पुढं सरकली. "माझी म्हस तसली न्हवती. तुम्हाला तरी वाटतं न्हवं?"

मी गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. पुढच्या वर्षी कळलं, ती गेली.

त्या दिवशी बिद्रीला जाताना एस.टी.त मी जे मनात घोकत होतो, ते इथं लिहितो. मावशी, कागदात काहीच नव्हतं. तुमची म्हैस पिसाळलेली होती की नव्हती, हे कुणालाच कधी कळलं नाही, कारण बर्फाचा त्रास नको म्हणून मी बरणीत फॉर्मॅलिन ओतलं. लोक तुम्हाला बोलत होते तेव्हा हे मला ठाऊक होतं. माझं चुकलं, मावशी. मला माफ करा.