धोंडूआबांचा अडलेला माणूस

"का वं सरकार, त्या झोपडीवाल्यांनी तुमचं काय घोडं मारलंतं?"

धोंडूआबा दुधाचा कॅन घेऊन दारात उभे होते आणि डोळे वटारून माझ्या लॅपटॉपकडे बघत होते. सहा वर्षं ते आमच्याकडे दूध घालत होते आणि तोवर माझ्याशी एकच शब्द बोलले होते : "भांडं." त्या सकाळी मात्र भडकले. मी नुकतंच पडद्यावरचं एक चिमुकलं गाव जाळलं होतं आणि स्वतःवर बेहद्द खूश होतो.

मी समजावलं. हा इतिहासाचा खेळ, आळीपाळीनं खेळायचा. सुरुवातीला प्रत्येकाकडे एक टोळी आणि एक भालाईत. टोळी बसवली की गाव होतं, गावाची हद्द पसरते, त्या हद्दीत दुसऱ्याला पाऊल टाकता येत नाही. सुरुवातीला जो भराभर जमीन दाबतो तोच पुढे सम्राट. "आणि ही बारकी गावं रानटी लोकांची असतात, आबा. ती घ्यायचीच असतात."

"रानटी कुनी ठरवलं?"

"खेळानं."

"आन् हितं आदी कोन व्हतं?"

हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. भुशी धरणाच्या रस्त्यावर त्यांच्या बांधाला गाडी लावणाऱ्या पर्यटकाला, 'प्रवेश निषिद्ध'ची पाटी ठोकणाऱ्या बंगलेवाल्याला, इतकंच काय आमच्या ओट्यावर पसरलेल्या मांजरालाही त्यांनी तो विचारलेला मी ऐकला होता. भुशीच्या वर डोंगरात त्यांची बारा घरांची वाडी. तिथून कॅन घेऊन उतरायचे ते चिडलेलेच, आणि चढायचे तेही चिडलेलेच.

दुसऱ्या दिवशी चपला काढून आत आले, भिंतीला टेकून बसले. "मला बी एक टोळी दे."

मग रोज चहा निवेपर्यंत आमचा डाव. आबांनी पहिली टोळी बसवलीच नाही. डावामागून डाव ती डोंगरातून हिंडवली. मी हसलो, तर म्हणाले, "आदी पानी, मग चूल. तुजं राज्य मागनं." शेवटी डोंगराच्या पोटाशी एक झरा सापडला, तिथं त्यांनी गाव मांडलं. तेवढ्यात मी पाच गावं वसवली. दोन वाळवंटात. एक उपाशी मेलं. एकानं बंड करून माझ्याच सैन्याला हाकललं. मी त्या दर्जाचा सम्राट! राजधानीत माझ्याच रयतेनं माझ्याच कोठाराला आग लावली, तेव्हा आबा हसले, चहा नाकातून येईस्तोवर. मी त्यांना हसताना बघितलं ते तेवढंच.

सहावं गाव मी खिंडीत वसवलं. हद्द पसरली आणि समुद्राकडे निघालेली आबांची दुसरी टोळी, पडद्यावर दिसायला एकच माणूस, तिथंच अडकली.

"माजा मानूस अडलाय. वाट सोड."

"तशी नाही सोडता येत, आबा. मागावी लागते. करार करायचा, दोघांनी 'मान्य' म्हणायचं."

"मागायची?" कप आदळला त्यांनी. "वाट कुनी मागत आसतं व्हय रं? वाट आसती!"

त्यांनी करार केला नाही आणि माणूस माघारीही घेतला नाही. रोज आपला डाव आला की त्या माणसाकडे बघायचे, म्हणायचे, "उबा हाय," आणि डाव माझ्याकडे द्यायचे. मला मोठी गंमत वाटायची. लोणावळ्यात मित्रांना मी त्यांची नक्कल करून दाखवायचो.

त्याच वर्षी मी तो खेळ खरोखरच्या जमिनीवर खेळलो. वाडीखालच्या वडिलांच्या उतारावर पर्यटकांसाठी तंबू टाकायचं ठरवलं आणि तंबूच्याही आधी चारी बाजूंनी तारेचं कुंपण घातलं. त्या उतारावरून वाडीतल्या बायकांची झऱ्याकडे जायची वाट होती. आमच्या मावळात अशी वाट कागदावर नसते. जमीन ज्याची असेल तो ती सोडतो. कुणी मागत नाही, कुणी देत नाही. माझे आजोबा तिथं पोचले की नांगर उचलून पलीकडे टेकवायचे. हे मला माहीत होतं. मुद्दाम लिहितो, कारण पुढे कितीतरी महिने मी 'मला काय माहीत' असं सांगत फिरलो.

आबा कुंपणाशी आले. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "सातबाऱ्यावर कुठं आहे वाट?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सातबाऱ्यावर तू तरी कुटं हायस? तुजा बाप हाय."

दुसऱ्या दिवसापासून दूध बंद.

बायका ओढ्याच्या खडकांवरून वळसा घालून पाणी आणू लागल्या. पंधरा दिवसांत आबांची बायको, सखूमावशी, भरल्या हंड्यासकट तिथं घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ती पुन्हा काठीशिवाय चालली नाही.

मग मला उपरती झाली. म्हणजे मी आणखी मोठा गाढवपणा केला. कुंपणाला लोखंडी फाटक बसवलं. निळा रंग दिला, झेंडूचं तोरण बांधलं आणि आबांना नारळ फोडायला बोलावलं! आले. मागे सगळी वाडी. मी भाषणाच्या सुरात म्हणालो, "आबा, आजपासून ही वाट तुमची."

त्यांनी नारळ घेतला आणि न फोडता खाली मातीत ठेवला.

"माज्या आज्जीच्या पायानं पडलीया ही वाट. तू बंद करनार, तूच उगडनार, आन् मी टाळ्या वाजवू? बायकू माजी खाटंवर हाय. हे फाटक ने आन् तुज्या घराला लाव!"

त्याच दिवशी मी फाटकासकट वाटेवरचं कुंपण उपटलं. आबांनी येऊन बघितलं. "खांबाचं खड्डं बुजव. म्हशीचा पाय जाईल." माझ्याशी बोललेलं ते शेवटचं.

वाटेनं बायका जाऊ लागल्या, म्हशी जाऊ लागल्या. आबा गेले नाहीत. दीड वर्ष तो म्हातारा रोज खडकांवरून वळसा घालत राहिला, आणि मी तंबूपाशी दिसलो की थांबून, माझ्याकडे रोखून बघून, पुढे जायचा.

गेल्या चैत्रात छातीत कफ होऊन ते गेले. तिरडी मात्र त्या वाटेनं उतरली. मी बाजूला उभा होतो. खांदा देऊ का, हे विचारायचं तोंड मला नव्हतं.

तेराव्यानंतर एका दुपारी मी तो खेळ उघडला. आबांचा माणूस खिंडीच्या तोंडाशी तसाच उभा. डाव माझा होता. मी हद्द खुली करायचा करार मांडला. पडद्यावर आलं : दुसऱ्या खेळाडूची संमती हवी. खाली 'मान्य'चं बटण. घरात कुणी नव्हतं. आबांच्या वतीनं मीच ते दाबायला निघालो, बोट पार बटणावर टेकलं, आणि तोरण बांधलेलं ते निळं फाटक डोळ्यांपुढे आलं. पुन्हा मीच देणारा, पुन्हा मीच त्यांच्या वतीनं मान्य म्हणणारा! स्वतःचा असा संताप आला की लॅपटॉप धाडकन मिटला. त्याची बिजागरी तुटली ती तुटलीच.

डाव मिटलेला नाही. तो माणूस उबा हाय.