नारळ कोणी फोडला

"आजी, मशीनवर नारळ फोडल्यावर ती तुटणारच ना!" ट्रान्सपोर्ट कंपनीच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. त्यावर माझ्या नव्या घरघंटीचा फोटो होता. अंगाला हळदकुंकू, गळ्यात झेंडूचा हार, डोक्यावर नारळाची दोन भकलं, आणि सगळी ओली. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ते तिनेच वाचून दाखवलं. ग्राहकाच्या हातून नुकसान, विमा नामंजूर.

मी स्टूल ओढून बसले.

मी नाशिक रोडला दोन खोल्यांत एकटी राहते आणि दळणावर जगते. गहू, बाजरी, नागली, भाजणी. जुनी घरघंटी जळाली तेव्हा मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, आता पुरे. खोल्या विकू, तू इकडे ये." त्याच्याकडे माझी जागा म्हणजे हॉलमधला सोफा. सगळे झोपल्याशिवाय आडवं होता येत नाही. मी साठवलेल्या पैशांत गुजरातहून नवी मशीन मागवली. विकणारा म्हणाला, वाटेचा विमा आहे, काळजी करू नका. मी केली नाही.

मशीन आली ती दुपारी. टेम्पोवाल्याने खोकं आत आणून ठेवलं. एक कोपरा दबलेला होता, मला दिसला. पण टीव्हीच्या खोक्याचाही दबलेला होता आणि टीव्ही चालतो. मी सही केली. खोकं फाडून मशीन बाहेर काढली. आमच्यात नवी वस्तू पूजेआधी चालू करत नाहीत, आणि नारळ बाईमाणसाने फोडायचा नसतो. घरात पुरुष नाही. टेम्पोवाल्यालाच म्हटलं, "बाबा, तेवढा नारळ फोडून दे." त्याने दाराबाहेरच्या दगडावर फोडला, पाणी मशीनवर शिंपडलं आणि अर्धं खोबरं खिशात घालून गेला. माझ्या वाट्याच्या अर्ध्याची दोन भकलं मशीनवर ठेवली. शेजारीण मूळची चांदवडकडची, तिला फोटोचा भारी नाद. तिने फोटो काढले.

मग बटण दाबलं. आतून नुसता खडखडाट. मेकॅनिकने मागचं झाकण उघडलं तर मोटर ज्या लोखंडी पट्टीवर बसते ती तुटलेली, मोटर खाली लोंबकळलेली. "उंचावरून पडलीय ही," तो म्हणाला. ट्रान्सपोर्ट कंपनीने विम्यासाठी फोटो मागितले तेव्हा शेजारणीने होते तेवढे सगळे पाठवले, पूजेचेसुद्धा. तुटलेल्या पट्टीचा एक, पूजेचे सात.

आता त्या मुलीला मी विचारलं, "पट्टी खाली, नारळ वर. वरच्या नारळाने खालची पट्टी तुटते होय?"

"ते विम्याचे सर्व्हेवाले ठरवतात. त्यांनी फोटो बघून रिपोर्ट दिलाय."

"मशीन न बघता?"

"आजी, माझ्या हातात काही नाही."

"मग तुझ्या हातात आहे काय? तुमच्याच टेम्पोवाल्याने फोडलाय नारळ. दगडावर. लाव त्याला फोन."

तिने लावला, आवाज मोठा केला. तो म्हणाला, "नाय मॅडम. आपण माल उतरवला, सही घेतली आन निघालो. नारळ-बिरळ आपल्याला काय ठाव नाय."

मी फोनकडे वाकले. "आणि अर्धं खोबरं कोणी नेलं रे, मांजराने?"

रांगेतला एक माणूस हसला. फोन बंद झाला. मुलीने मान खाली घालून पुढच्याला बोलावलं.

घरी आले. दोन दिवसांत दळणाचे डबे माघारी गेले. कोणाचा दोष नाही, लोकांना रोज पोळी लागते. मुलाचा फोन आला. "सांगितलं होतं ना." मी फोन ठेवून दिला.

त्या आठवड्यात टेम्पोवाला दारात येऊन उभा राहिला. पाणी दिलं, बस म्हटलं नाही.

"आजी, माझं चुकलं. खोकं गोदामात माझ्याच हातनं निसटलं व्हतं. टेम्पोच्या फाळक्यावरनं खाली."

"मग लिहून दे."

"नोकरी जाईल ना माझी. लहान लेकरं हायेत घरी."

"माझ्या घरी मी आहे."

नारळ फोडताना त्याला हे ठाऊक होतं. हात जोडून पाणी शिंपडलं होतं त्याने. मला त्याच्या लेकरांची दया आली नाही असं नाही. पण ती येऊन पट्टी जुळत नव्हती.

"तू लिहून देऊ नकोस," मी म्हटलं. "तू आत्ता बोललास ते मीच लिहिते."

"आजी, नका ना असं करू."

"जा आता."

ग्राहक तक्रारीच्या कचेरीत द्यायला अर्ज मी माझ्या हाताने लिहिला. अक्षर मोठं येतं, चार पानं झाली. खोकं कुठे पडलं आणि कोणी सांगितलं, सगळं घातलं. शेजारीण म्हणाली, "मावशी, लय कठीण काळजाच्या तुम्ही. गरिबाच्या पोटावर पाय कशाला?" मी म्हटलं, "माझ्या पोटावर पडला तेव्हा तू फोटो काढत होतीस." ती चार दिवस बोलली नाही.

त्या माणसाची नोकरी राहिली की गेली, मला माहीत नाही. विचारलं नाही. तारखा पडतात, मी जाते. कंपनीचा वकील दर वेळी तोच फोटो दाखवतो. निकाल लागलेला नाही. मशीन कोपऱ्यात आहे, कुंकू पुसलेलं नाही, कारण तोही पुरावा आहे. पापड लाटायला दुसऱ्यांच्या घरी जाते, हात दुखतात. खोल्या विकलेल्या नाहीत.

हे झालं ते माझ्या बाबतीत. मी सत्तरी ओलांडलेली, चौथीपर्यंत शिकलेली, नाशिक रोडला दळण दळणारी बाई.