मनुक्यांचं पाणी

चर्चच्या मागच्या खोलीत प्रभुभोजनाला द्राक्षारस म्हणून द्यायचे मनुके उकळायलेत. हा गोडसर वास आला की मी अजून नाकाला पदर लावते.

जिंतूर तालुक्यातलं आमचं हेच चर्च, तीस वर्षांपूर्वीचा रविवार. मनुके माझ्या मायनंच निवडून, धुवून उकळले होते. "आपण सगळे एकच शरीर," म्हणत पाळकांनी चांदीचा प्याला फिरवला. आमच्या दलित वस्तीच्या वेगळ्या सतरंजीपाशी मात्र तो थांबला आणि स्टीलचा पेला आला. मी नुकतीच मास्तरीण झालेली, म्हणून मला एकटीला पाळकांनी चांदीचा पुढं केला. मी मायकडं पाहिलं.

"घे बाई, लोक बघायलेत," ती हळूच म्हणाली आणि तिनं स्टीलचा पेला तोंडाला लावला.

मी चांदीच्या प्याल्यातून प्यायले. वर मान ताठ ठेवून! स्वतःचीच किळस येते.

आज इथंच मला पाहुणी म्हणून सामाजिक न्यायावर बोलायचंय. कपाटात तो स्टीलचा पेला अजून आहे, घासूनपुसून वेगळा ठेवलेला. मी तो उचलून वेदीवर ठेवला.

नवे पाळक गोंधळले. "बाई, हा कशाला?"

"आज सगळ्यांना यातूनच द्या," मी म्हटलं. "आधी मला."