लाइट आली की

सगळा गाव त्यांना मोटरकाका म्हणे. गावाची पाण्याची टाकी ज्या पंपघरातून भरे, तिथे ते नोकरीला लागले तेव्हा साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "जोडीदार लवकरच येईल." जोडीदाराची जागा मंजूर होती, भरली मात्र कधीच गेली नाही. साहेब बदलले, मोटारीवरचा रंगसुद्धा एकदा बदलला. जोडीदाराचा पत्ता नाही.

विजेचं तर विचारूच नका. ती कधी जाणार याचं वेळापत्रक निघायचं, कधी येणार याचं नाही. आली की तेवढ्यात टाकी भरून घ्यायची, नाहीतर गावाचे नळ कोरडे. म्हणून पंपघरात आणि मागच्या राहत्या दोन खोल्यांत दिव्यांची बटणं कायम चालूच ठेवलेली. दिवा लागला की घरातल्या माणसाने उठलंच पाहिजे. मुलगी बोलायला लागली तीच मुळी दिव्याकडे बोट दाखवून, "आली!" काका भरल्या ताटावरून उठले, तापाने फणफणलेले उठले. मुलगी सासरी जायला गाडीत बसत होती, तेव्हाही हे डोळे पुसत पंपघराकडे धावले. बायको म्हणायची, "मोटार तुमची पहिली बायको. मी आपली सवत."

कुणी म्हणेल, सोडायची अशी नोकरी. सोडून जायचं कुठे? आणि गावाला तहानलेलं ठेवून? काकांना धड गिळता येईना, धड थुंकता येईना. समाधान एकच होतं, पोरगी तरी सुटली. ती लांबच्या मोठ्या शहरात होती आणि तिथे वीज जातच नव्हती.

यंदा तिने हट्टच धरला. "चार दिवस या बाबा. आणि नोकरी सोडून दोघंही कायमचे माझ्याकडे येताय की नाही, ते ठरवूनच परत जा."

"जाऊन या हो," बायको म्हणाली. "मोटार मी बघते. इतकी वर्षं दुसरं काय बघितलंय?"

रजा मागितली तर मिळणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून काका न सांगताच निघाले.

मुलीकडे पहिल्याच संध्याकाळी फजिती झाली. मुलीने दिवा लावला आणि सोफ्यावरचे काका ताडकन उभे, पाय चपला शोधताहेत! नातीला गंमत वाटली. ती बटण दाबायची आणि आजोबा उठायचे. हसून हसून तिची मुरकुंडी वळली. काकाही हसले, पण त्यांच्या अंगाला घाम सुटला होता.

दुसऱ्या दिवशी जेवताना मुलीने आईला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. आई पंपघराच्या पायरीवरच बसलेली होती.

"आई, बाबांना समजाव ना. तुम्ही दोघंही—"

"अगं बाई, लाइट आली!" आई फोन तसाच टाकून आत पळाली.

मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. चढा, पोकळ, खडखडता. काकांचा घास हातातच राहिला. आधी पंपात पाणी भरायचं असतं, ते घाईत राहून गेलं होतं. पंपाने हवा धरली होती. अशीच कोरडी चालली तर मोटार जळणार, आणि जळलेली मोटार दुरुस्त व्हायला महिना. गावाने प्यायचं काय?

"बंद कर! आधी बंद कर!" काका फोनवर ओरडले.

"आई, हवा धरलीय! पाणी भर, मग चालू कर!" शेजारून मुलगी ओरडली.

तिकडे कुणाला ऐकू जाणार? दोघंही फोनवर ओणवे होऊन नुसते ऐकत राहिले. मग एकदम शांत झालं. बादली आपटली, पाणी ओतल्याचा आवाज आला. मोटार पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी आवाज जड, भरलेला आला.

काकांनी श्वास सोडला आणि मुलीकडे पाहिलं. तिचं ताट लवंडलं होतं. उष्टा हात तसाच होता, आणि दाराशी काढून ठेवलेल्या चपला तिच्या पायात होत्या. ती कधी दाराशी धावली आणि त्या कधी घातल्या, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं.

"तूसुद्धा?" काकांच्या तोंडून एवढंच निघालं. त्यांना रडू आवरेना.

मुलीने चपला काढल्या आणि पुन्हा दाराशी नेऊन नीट जोडून ठेवल्या.

"उद्याची गाडी बघते, बाबा," ती म्हणाली. "आईला एकटीला नाही जमायचं."