लग्न न झाल्याचा पुरावा

वकिलाच्या कपाटात फायली साचतात आणि फायलींच्या मधे किस्से. फायली कधी ना कधी निकालात निघतात, किस्से मात्र मुक्कामाला राहतात! मी अलिबागला कोर्टामागच्या गल्लीत नोटरी आहे. पूर्वी लोक यायचे ते जमिनीचे हिस्से नाहीतर नावातली चूक घेऊन. हल्ली घरटी एक पोर बोटीवर, आखातात नाहीतर युरोपात. ती तिकडेच लग्न ठरवतात आणि तिकडची कचेरी म्हणते, आधी तुम्ही अविवाहित आहात हे सिद्ध करा.

झालेल्या लग्नाचा पुरावा असतो. फोटो असतात, व्हिडिओ असतो, रुसलेली आत्या असते. न झालेल्या लग्नाचा पुरावा आणायचा कुठून?

* * *

या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त दमवलं ते धर्माकाकांच्या वेळी. रेवसच्या वाटेवर खाडीकाठी त्यांचं गाव. वडिलांचं मिठागर होतं, काकांचे दोन ट्रक आहेत. एकुलती एक लेक वैशाली जर्मनीत नर्स आहे आणि तिथल्याच लुकासशी तिला लग्न करायचंय. तिचे बाकीचे कागद मी पाठवले. उरलं एकच, ‘माझी मुलगी अविवाहित आहे’ असं वडिलांचं शपथपत्र.

काका आले, बसले, कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

“बाय, चष्मा इसरलो.”

पुढच्या सोमवारी परत आले. परत चष्मा विसरले! तिसऱ्या सोमवारी मी माझा चष्मा पुढे केला, तर म्हणाले, “दुसऱ्याचा लावला का डोका दुखतं.” तिकडे वैशालीचा रोज फोन. कागद सहा महिन्यांच्या आतले लागतात, जुने झाले की सगळं पहिल्यापासून.

* * *

पण सोमवार काही चुकवायचे नाहीत. बाकावर बसून इतरांच्या केसेस मन लावून ऐकायचे.

एकदा बोटीवरचा एक इंजिनिअर आला. त्याला फिलिपाइन्समधल्या मुलीशी तिथेच लग्न करायचं होतं. मी यादी वाचली. आपल्या वकिलातीचा दाखला, तिथे दहा दिवस नोटीस, आणि दोघांनी लग्नाआधी संसार आणि कुटुंबनियोजनावरच्या वर्गाला बसून आणलेलं सर्टिफिकेट!

इंजिनिअर लाजला. बाकावरून आवाज आला, “आमच्याकडं ह्यो वर्ग लगनानंतर सुरू व्हतो. शिकवाला समदा गाव!”

* * *

मग आलं एक फ्रेंच जोडपं. दिवेआगरला वाडीतल्या होमस्टेत उतरलेलं. नारळाखाली लग्न करायचं, शुक्रवारचं विमान! मी सांगितलं, दोघांपैकी एकाने जिल्ह्यात तीस दिवस राहायचं, मग नोटीस द्यायची, मग हरकतीसाठी आणखी तीस दिवस थांबायचं. मला वाटलं, हे गेले आता. तर मुलगी हसली. म्हणाली, आमच्या गावातही एकाने निदान महिनाभर राहावं लागतं, आणि नावं नगरपालिकेच्या दारावर लागतात.

दोघं खरंच राहिली! नोटीस लागल्यावर होमस्टेच्या मालकीणबाई हरकत घेऊन माझ्याकडे हजर. “मुलाकडचं एकही माणूस आलेलं नाही. असं कुठे लग्न असतं का?” कायद्यात ही हरकत बसत नाही हे समजावता समजावता माझा घसा बसला. शेवटी त्या स्वतःच मुलाकडच्या झाल्या आणि साक्षीदार म्हणून सही करून गेल्या.

* * *

चाळिशीचा एक मुलगा लंडनला लग्न करणार होता. त्याच्या आईला शपथपत्र वाचून दाखवलं, ‘माझा मुलगा आजपर्यंत अविवाहित आहे.’ बाईंनी माझ्या हातातला शिक्का धरला.

“वकीलबाई, पंधरा वर्षं मी हेच ओरडून सांगत होते. तेव्हा कोणी शिक्का दिला नाही!”

* * *

त्या दिवशी काकांनी मला पहिल्यांदा थेट विचारलं, “बाय, लगनाला सगल्यात जास्त दिस कंच्या देशात लागतात?”

मी म्हटलं, “बहुधा आपल्याकडेच. इंग्लंडात दोघांनी सात दिवस राहून नोटीस द्यायची, मग अठ्ठावीस दिवस. आणि डेन्मार्कमध्ये एकदा कागद पास झाले की दोन दिवसांतसुद्धा उरकतं.”

“दोन दिसांत?” काका उभेच राहिले. “येवढ्यात तं हलद पन लागत न्हाय!”

आमच्याकडे हळदीला लग्नापेक्षा जास्त माणसं जेवतात. मला तेव्हा कळलं, हे चष्मा का विसरतात. मी विषय बदलला. मलाही मुलगी आहे.

* * *

जर्मनीचा शिरस्ता असा, की आपले कागद खरे की खोटे हे बघायला त्यांच्या वतीने वकील चौकशीला येतो. तसे एक तरुण वकील काकांच्या गावात गेले. काका ट्रकवर होते. वकिलांनी शेजारच्या चंद्राबायला विचारलं, “वैशालीचं लग्न झालंय का?”

आता गावात परका माणूस येऊन असं विचारतो तो कशाला? स्थळाच्या चौकशीला! काकांनी वर्षभर इकडचीच स्थळं बघायचा घाट घातला होता आणि गावातल्या बाया सगळ्या वैशालीच्या बाजूच्या. चंद्राबायला वाटलं, आलं आणखी एक.

“व्हय, लगीन कवाच झाला तिचा!”

वकिलांनी पुढच्या घरी विचारलं. तिथे दोन मुलंही झाली होती! तिसऱ्या घरी जावई स्वभावाने फार चांगला निघाला.

* * *

वैशालीचा फोन आला तेव्हा काका बाकावरच होते. मी स्पीकर लावला. “बाई, मी अविवाहित म्हणून लिहून दिलं आणि गाव म्हणतं लग्न झालंय. इथे मला खोटारडी ठरवतील हो!” पोरगी हुंदके देत होती.

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, “त्या सायबाला उद्या हितं बोलवा,” आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गल्लीत ट्रक! मागे हौद्यात चौदा बाया, लग्नाच्या साड्या नेसून, केसांत अबोली. माझ्या खोलीत चार खुर्च्या. चौदाजणींनी एकदम सांगायला सुरुवात केली की आम्ही खोटं बोललो, पोरीच्या भल्यासाठी बोललो. चौकशीचे वकील घामाघूम झाले.

“थांबा, थांबा! तेव्हा झालेलं, आज न झालेलं. काका, तुम्ही वडील. तुमच्याकडे काय पुरावा, की मुलीचं लग्न झालेलं नाही?”

काका उठले.

“पुरावा? साहेब, तिचा लगीन झाला असता तं मी रडलो असतो. इचारा ह्यांना, मना कोनी रडताना बगलाय का?”

चौदाजणी एका सुरात म्हणाल्या, “न्हाय!”

वकिलांनी पेनचं टोपण काढलं आणि लिहायला घेतलं. मी शपथपत्र काकांपुढे सरकवलं आणि हळूच विचारलं, “चष्मा आणलाय?”

“आनलाय,” काका खिशावर हात ठेवून म्हणाले, “पन आता लावून बी काय दिसनार न्हाय. सही कुठं कराची, तुमी नुसता बोट ठेवा.”